स्ट्राइपची जुनी जोडणी बदलताना: चेकआउट की पेमेंट एलिमेंट?

ज्या ऑनलाइन दुकानाची स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या सेवेशी असलेली जोडणी अजून जुन्या चार्जेस एपीआयवर (एपीआय म्हणजे दुकानाच्या कोडने स्ट्राइपशी बोलण्याची ठरलेली पद्धत) चालते, त्याला आज ना उद्या पेमेंट इंटेंट्स एपीआयवर यावेच लागते. तिथे येण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. ग्राहकाला स्ट्राइपच्या स्वतःच्या पानावर पाठवणारे चेकआउट ही पहिली, आणि पैसे भरण्याचा अर्ज दुकानाच्याच पानात बसवणारे पेमेंट एलिमेंट ही दुसरी. पुण्यात बसून युरोपातील दुकानांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांपुढेही हा प्रश्न येतो, म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरेल.

जुन्या पद्धतीत कार्डाच्या तपशिलाचे टोकन (तपशिलाऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक) होत असे, सर्व्हर ते टोकन आणि रक्कम पाठवत असे आणि त्याच विनंतीच्या उत्तरात होकार किंवा नकार मिळत असे. या रचनेत बँकेने मध्येच ग्राहकाची ओळख पडताळण्याला जागाच नव्हती. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी ही जादा पडताळणी 2009 पासूनच बंधनकारक असल्यामुळे आपल्याला ती अंगवळणी पडलेली आहे. युरोपीय संघात मात्र दुसऱ्या पेमेंट सेवा निर्देशातील ग्राहक पडताळणीचा नियम 14 सप्टेंबर 2019 रोजी लागू झाला, तर ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीसाठी त्याची पूर्ण अंमलबजावणी व्हायला 14 मार्च 2022 उजाडला. पेमेंट इंटेंटमध्ये व्यवहार ही एक टिकून राहणारी नोंद असते आणि ती ‘ग्राहकाची कृती हवी’, ‘प्रक्रिया सुरू’, ‘यशस्वी’ अशा अवस्थांमधून पुढे सरकते. त्यामुळे उत्तर ताबडतोब मिळेल हे गृहीत धरून लिहिलेला सगळा कोड पुन्हा तपासावा लागतो, आणि स्थलांतराचे खरे काम तेच आहे.

चेकआउटमध्ये हे काम सर्वांत कमी आहे. सर्व्हरवर एक सेशन, म्हणजे त्या खरेदीची तात्पुरती नोंद, तयार करायचे, त्यात वस्तू, किमती आणि परतीचा पत्ता द्यायचा आणि ग्राहकाला तिकडे पाठवायचे. बँकेची पडताळणी, चुकीचे संदेश, ग्राहकाची भाषा, अ‍ॅपल पे किंवा गुगल पे यांची बटणे हे सारे स्ट्राइपचे पान सांभाळते. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे लागते. सेशन आपोआप 24 तासांनी कालबाह्य होते, आणि ही मुदत 30 मिनिटांपर्यंत खाली आणता येते. ज्या दुकानात एखाद्या वस्तूचा एकच नग असतो, तिथे मुदत कमी केली नाही तर तो नग दिवसभर कोणासाठी तरी अडकून राहतो, किंवा दोघांना विकला जातो.

पेमेंट एलिमेंटमध्ये ग्राहक दुकानाचे पान सोडत नाही. पोहोचवण्याचा खर्च, कूपन, भेटवस्तूचा संदेश आणि कार्डाचा अर्ज एकाच ठिकाणी दिसू शकतात, आणि ज्यांची खरेदीची पायरीच वेगळ्या घडणीची आहे त्यांना हे स्वातंत्र्य खरोखर लागते. त्याची किंमत अशी की टोपलीतील रक्कम बदलली की इंटेंटची रक्कमही सर्व्हरवरून बदलावी लागते. पान पुन्हा उघडल्यावर नवा इंटेंट तयार न करता त्या टोपलीचा जुनाच वापरावा लागतो, नाही तर अर्धवट नोंदींचा ढीग साचतो. शिवाय बँकेच्या पडताळणीनंतर ग्राहक परत येतो ते पान, नकाराचे संदेश आणि अर्धवट सोडलेले व्यवहार यांची जबाबदारी आपलीच राहते.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही वाटा सारख्या असल्याचे सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. कार्डाचा क्रमांक दोन्हीत स्ट्राइपच्याच चौकटीत भरला जातो, म्हणून कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेसाठीच्या पीसीआय मानकाची सर्वांत छोटी स्वयं-प्रश्नावली सामान्यतः दोन्हींना लागू होते. मात्र जानेवारी 2025 मध्ये सुधारलेल्या त्या प्रश्नावलीत एक अट आली: पैसे भरण्याचा अर्ज आपल्या पानात बसवणाऱ्या दुकानाने, आपले संकेतस्थळ स्क्रिप्टद्वारे (पानात चालणाऱ्या कोडद्वारे) होणाऱ्या हल्ल्यांना बळी पडणारे नाही, याची खात्री द्यायची. ग्राहकाला दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्याला ही अट लागू होत नाही. जिथे जाहिरातींची, गप्पांच्या खिडकीची आणि आकडेवारीची पाच-सहा बाहेरची स्क्रिप्ट्स एकाच पानावर चालतात, तिथे मला हा फरक देखाव्याच्या फरकापेक्षा फार मोठा वाटतो.

साठवलेल्या कार्डांची भीती बहुतेकांना असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. स्ट्राइपकडे ग्राहकाच्या नोंदीत असलेली जुनी कार्डे नव्या एपीआयमध्येही वापरता येतात, त्यामुळे ग्राहकांकडून क्रमांक पुन्हा मागावे लागत नाहीत. अडचण येते ती ग्राहक समोर नसताना होणाऱ्या वसुलीत. तेव्हा बँक पडताळणी मागू शकते, आणि ग्राहकाला ईमेलने परत बोलावण्याची सोय दोन्ही वाटांवर करून ठेवावी लागते.

वेबहुकच्या, म्हणजे व्यवहारात काही घडले की स्ट्राइप आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवते त्या संदेशांच्या, बाबतीतही दोन्ही वाटांचे काम सारखेच आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. ग्राहक ‘धन्यवाद’ पानावर पोहोचला हा पैसे मिळाल्याचा पुरावा नाही, कारण पडताळणी झाल्याबरोबर तो खिडकी बंद करू शकतो. ऑर्डर पक्की करायची ती वेबहुकच्या संदेशावर. स्ट्राइप न पोहोचलेला संदेश तीन दिवसांपर्यंत पुन्हा पाठवत राहते, तोच संदेश दोनदाही येऊ शकतो आणि क्रमही उलटसुलट होऊ शकतो. त्यात एक सापळा आहे. प्रत्येक यशस्वी इंटेंटच्या पोटी एक चार्ज (प्रत्यक्ष आकारणीची नोंद) तयार होतो, म्हणून नव्या ‘इंटेंट यशस्वी’ संदेशाबरोबर जुना ‘चार्ज यशस्वी’ संदेशही येत राहतो. एका दुकानाचे स्थलांतर करताना आम्ही जुना श्रोता, म्हणजे त्या जुन्या संदेशाची दखल घेणारा कोड, काढायला विसरलो आणि चाचणीत प्रत्येक ऑर्डरच्या दोन पावत्या निघाल्या. हे चाचणीतच दिसले म्हणून निभावले. खऱ्या ग्राहकांच्या बाबतीत माल दोनदा रवाना झाला असता.

हिशेबाचा कोडही तपासावा. एपीआयच्या 2022-11-15 या आवृत्तीपासून इंटेंटमधील चार्जेसची यादी गेली असून तिच्या जागी फक्त शेवटच्या चार्जचा दुवा मिळतो. एलिमेंटसाठी नवी आवृत्ती घेताना शुल्काची आकडेमोड करणारी जुनी पाने याच कारणाने मोडतात, आणि चेकआउट घेतले तरी ही तपासणी सुटत नाही.

ज्या दुकानाकडे पूर्णवेळ प्रोग्रामर नाही, त्याने चेकआउटच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पान सोडून गेल्यामुळे ग्राहक बिचकेल ही शंका असेल, तर त्या पानावर दुकानाचे नाव, बोधचिन्ह आणि रंग ठेवता येतात. एलिमेंट निवडावे ते खरेदीच्या पायरीत चेकआउटमध्ये न मावणारे काही असेल तेव्हाच, आणि मग पडताळणी हमखास मागणारे 4000 0027 6000 3184 हे चाचणी कार्ड घेऊन प्रत्येक प्रवाह, अर्ध्यावर खिडकी बंद करण्यासकट, तपासावा. नेहमीच्या 4242 च्या चाचणी कार्डाने हे दोष कधीच उघडे पडत नाहीत.

वाट कोणतीही असो, बदल दिवाळी किंवा नाताळाच्या गर्दीत करू नये, आणि ऑर्डरच्या नोंदीत चार्ज व इंटेंट या दोघांचे क्रमांक ठेवावेत. जुन्या ऑर्डरचा परतावा जुन्या चार्ज क्रमांकावरही देता येतो, त्यामुळे परताव्याची मुदत संपेपर्यंत तो क्रमांक वाचणारा कोड काढू नये.