‘फेका आणि घरी जा’ : हरणांच्या चाऱ्यात मी कसा फसलो

पेनसिल्व्हेनियात आम्ही जंगलाला लागून थोडी जमीन घेतली आहे. इथे हरणांसाठी मुद्दाम चारा पेरतात. शिकारी पेरतात, तसे माझ्यासारखे नुसती हरणं बघायची हौस असलेलेही पेरतात. लातूरला आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही इथं रात्रभर जागून हाकलतोय अन् तू पैसे घालून बोलावतोस व्हय?"

माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. हाताने फिरवायचं बी फेकायचं यंत्र आणि गवत कापायचं मशीन, एवढाच संसार. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये एका जत्रेतल्या स्टॉलवर ‘नांगरटीविना’ असं लिहिलेली पिशवी दिसली आणि मी थांबलो. पिशवीवर भल्यामोठ्या शिंगांचा नर, गुडघाभर क्लोव्हरमध्ये उभा. (क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड.) विक्रेता म्हणाला, "फेका आणि घरी जा. बाकी पाऊस बघून घेईल." जमीन आंबट असली तर काय, असं विचारल्यावर त्याने द्रव चुन्याची बाटली पुढे केली. ही एक बाटली म्हणजे एक टन चुना, म्हणे! दोन पिशव्या आणि बाटली मिळून 135 डॉलर रोख मोजले. पावती मागितली नाही.

अर्ध्या एकरात, म्हणजे आपल्या वीस गुंठ्यांत, सगळं फेकलं. पाऊसही वेळेवर झाला. महिन्याने पाहतो तर विरळ, बारीक पात्यांचं गवत आणि मधे चुकून एखादं क्लोव्हर. हरणं त्यातून सरळ चालत शेजाऱ्याच्या सोयाबीनकडे जात होती.

व्हिडिओ कॉलवर शेत दाखवलं. आप्पांचा पहिलाच प्रश्न, "टॅग वाचला होतास का रे?"

नव्हता वाचला. आमच्या घरी सोयाबीनचं घरचं बी असलं तरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, सत्तरच्या वर उगवले तरच पेरतात. त्या घरातला मी, आणि भुललो शिंगांच्या फोटोला.

टॅग होता, पिशवीच्या तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. वार्षिक रायग्रास 58 टक्के, क्लोव्हर 8, सलगमच्या जातीचं बी 4 आणि ‘इनर्ट मॅटर’ 28. उरलेलं इतर पिकांचं आणि तणाचं बी. रायग्रास हे स्वस्त गवत, लवकर हिरवं दिसतं म्हणून भरतात. इनर्ट मॅटर म्हणजे जे कधीच उगवणार नाही ते; बियांवरचा लेपही त्यातच मोजतात. तळाशी उरलेला क्लोव्हरचा दाणा चिमटीत चोळला तर पांढरी भुकटी पडली आणि हातात राहिलं राईपेक्षाही बारीक बी. उगवणशक्तीच्या चाचणीची तारीख दोन वर्षांपूर्वीची. ओल्या पेपर टॉवेलमध्ये पन्नास दाणे ठेवले, आठवड्यात चौदा उगवले.

बाटलीचं प्रकरण त्याहून वाईट. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती पाठवली, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा; जितका कमी तितकी जमीन आंबट) आला 5.2. क्लोव्हरला सहाच्या वर हवा. शिफारस एकरी दोन टन चुन्याची. आंबटपणा मारायला चुना वजनानेच लागतो. चार लिटरच्या बाटलीत किती घोळला तरी काही किलोच मावणार. हा हिशोब मला स्टॉलसमोर उभ्या उभ्या करता आला असता.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला पाऊस कमी पडला असेल, मग म्हणाला उशिरा पेरलंत, नंतर फोन उचलणंच बंद. टॅगचा फोटो राज्याच्या कृषी खात्याला पाठवला आहे. पैसे परत मिळतील ही आशा सोडली आहे.

कमी साधनांत चारा उगवतच नाही असं मात्र नाही. यंदा धान्याच्या दुकानातून 56 पौंडांचं विंटर रायचं पोतं आणलं. हे गव्हासारखं धान्य, रायग्रास नव्हे. नावाच्या सारखेपणात बरेच जण फसतात. टॅग वाचला, चाचणी याच जुलैची होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला, पावसाच्या आदल्या दिवशी, उभ्या गवतात बी फेकलं आणि वरून तेच गवत कापून पाडलं. आठव्या दिवशी कापलेल्या गवतातून कोंब वर आले. राय आंबट जमिनीतही तग धरते. क्लोव्हरसाठी चाळीस पौंडांच्या पन्नास गोण्या चुना लागणार आहे, त्यातल्या बारा टाकून झाल्या.