स्लॉट कारचे ग्रब स्क्रू: आठ महिने वापरल्यावर

ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर पळणाऱ्या १/३२ मापाच्या स्लॉट कारमध्ये मोटर, टायर, गाइड (खाचेत राहणारा भाग) यांवर पैसे जातात आणि गाडी थांबते ती भातुकलीतल्या दाण्याएवढ्या ग्रब स्क्रूमुळे, म्हणजे चाक आणि गिअर एक्सलवर आवळून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूमुळे. आठ महिने तीन प्रकार आलटून-पालटून लावले: चाकांच्या पाकिटात आलेले, ऑनलाइन मिळणारे चकचकीत स्टेनलेसचे आणि ४५एच दर्जाचे काळे अलॉय स्टीलचे. सगळे एम२ (२ मिमी व्यासाचे), एक्सल ३/३२ इंची, म्हणजे २.३८ मिमी.

काळे घ्या. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण घरातल्या ट्रॅकवर गंजतंय कोण? नेहमीचा ए२-२१एच स्टेनलेस जेमतेम २१० विकर्सचा (विकर्स म्हणजे कडकपणाचं माप), ४५एच किमान ४५० चा. कडक केलेल्या एक्सलवर मऊ स्क्रूचं टोक रुतत नाही, स्वतःच चेपतं. हाताला घट्ट लागतो, ट्रॅकच्या दहा-बारा फेऱ्यांनी गिअर घसरतो. शिवाय ०.९ मिमीची षटकोनी खाच पाच-सहा वेळच्या काढघालीत गोल होते. पाकिटातल्या स्क्रूंचा भरवसा नाही: एकाच पाकिटात काहींची खाच खोल, काहींची इतकी उथळ, की अॅलन की (षटकोनी किल्ली) जेमतेम अर्धा मिमी आत जाते. असे उथळ स्क्रू लावायच्या आधीच बाजूला काढावेत.

पहिला घसरतो तो गिअरचा स्क्रू, आणि त्याला कारण आहे. मिनिटाला २०,००० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ९ दातांचा पिनियन, एक्सलवर २८ दातांचा क्राऊन गिअर, म्हणजे एक्सल मिनिटाला सुमारे ६,४०० फेऱ्या. मोटरचा सगळा जोर एकाच स्क्रूवर येतो. पुढे तो दोन चाकांत वाटला जातो. त्यात प्रत्येक वळणाला ट्रिगर सोडला की ब्रेक लागतो आणि जोराची दिशा उलटते. म्हणून चांगल्यातला चांगला स्क्रू गिअरला, उरलेले मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना काहीही चालतं.

टोकाचा प्रकारही बघून घ्या. कप पॉइंट (डीआयएन ९१६) गोल एक्सलवर कडेने रुतून धरतो, पण तिथे बर (धातूची धारदार कड) उठतो. तो न घासता चाक ओढलं तर हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) भोक खरवडतं आणि चाक कायमचं डुगडुगतं. एक्सलवर गिअरच्या जागी ०.२ मिमी खोल सपाट पट्टी घासून फ्लॅट पॉइंट (डीआयएन ९१३) लावला, तर पकड टिकते आणि गिअर सहज निघतो. कडक एक्सलवर साधी कानस फिरत नाही. डायमंड कानस किंवा कटिंग डिस्क लागते. कोन पॉइंट (शंकूसारखं टोक) या कामाला नको.

लांबी मोजूनच घ्या. हब ६ मिमीचा असेल तर भिंत उरते १.८ मिमी, तिथे २ मिमीचा स्क्रू बरोबर. ३ मिमीचा बाहेर डोकावतो, गिअरवर असेल तर मोटरला किंवा चॅसीला घासतो.

निम्मी डोकेदुखी कीची असते, हे फार कमी लोक मानतात. एम२ ला ०.९ मिमी, एम२.५ ला १.३. अमेरिकन १/२४ गाड्यांतल्या इंची मापाच्या ४-४० स्क्रूला ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी. ही की १.३ च्या खाचेत जाते, फिरतेही, आणि कोपरे खाते. ४-४० च्या जागी एम३ घुसवायचा मोह टाळा. आटे वेगळे आहेत, दोन फेऱ्यांत अडकतो. किटसोबतची वाकडी की फेकून मूठ असलेली, कडक टोकाची घ्या. टोक गोल झालं की डिस्कने मिलिमीटरभर कापा, मधूनमधून पाण्यात बुडवत; तापून निळं पडलं तर कडकपणा गेला.

बसवताना एक्सल आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्क्रू आधी उलटा फिरवा, आटा ‘टक्’ करून जागी पडला की सुलटा. गिअर आणि बुशच्या (एक्सल ज्यात फिरतो त्या कड्याच्या) मध्ये कागदाचे दोन पदर, म्हणजे सुमारे ०.२ मिमी, ठेवून आवळा. मूठ दोन बोटांत धरून जेवढा जोर येतो तेवढाच. तळहात लावला की अॅल्युमिनियमचे आटे गेले. दहा मिनिटं गाडी पळवून पुन्हा एकदा आवळा, कारण कप तोवर बसलेला असतो. हब आणि एक्सलवर मिळून मार्करची एक रेघ ओढली की घसरण लगेच दिसते. टायर घासून गोल केल्यावर चाक काढलंत तर परत त्याच रेघेला लावा: एकच स्क्रू चाकाला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे जागा बदलली की गोलाई बिघडते.

लॉक्टाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावायचंच तर जांभळं २२२, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच, आणि प्लास्टिकपासून लांब, नाहीतर तडे जातात. लाल नको. अडकलेल्या स्क्रूसाठी टायर उतरवून हबवर सोल्डरिंग आयर्न टेकवा.

आटे गेलेच तर २.०५ मिमीचं ड्रिल, एम२.५ चा टॅप आणि १.३ ची की. हबची भिंत तेवढी जाड असेल तरच. एका गाडीला पाच स्क्रू धरून २५ ची पुडी घ्या. मुंबईतल्या नागदेवीसारख्या बाजारात मागताना ‘एम२ बाय २, अलॉय, कप’ असं पूर्ण सांगा, आणि दुकानातच चार-पाच स्क्रूंत की घालून बघा.