हॅवलॉकची डाईव्ह आणि तो बोटभर क्लीनर रास मासा

अंदमानला हॅवलॉकमधे, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, एका छोट्या सेंटरकडून डाईव्ह केली, पैसे पूर्ण वसूल. बाकीचे ग्रुप कासव शोधत फिरत होते पण आमच्या डाईव्ह शिकवणाऱ्या दादांनी एका प्रवाळाच्या खडकापाशी शांत तरंगत थांबवलं, आणि तिथे दिसला निळसर, अंगावर काळा पट्टा असलेला क्लीनर रास. वाढून वाढून १४ सेंटीमीटरचा मासा, पण मोठे मासे त्याच्यासमोर तोंड उघडून थांबतात आणि हा बिनधास्त आत शिरून कल्ल्यांतले परजीवी खातो!! बोटीवर आल्यावर दादा म्हणाले की एका नराबरोबर बऱ्याच माद्या राहतात, नर मेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागायला लागते आणि पुढे खरंच नर होते. मी ऐकतच राहिले. २०१९ च्या एका अभ्यासात हे मासे आरशातलं आपलं रूप ओळखतात असंही दिसलंय.

मास्कमधे मात्र पाणी येत होतं, बदलून द्यायला फार वेळ लावला, म्हणून एक स्टार कमी. आणि प्लीज हा मासा घरच्या टँकसाठी घेऊ नका, बरेचसे उपाशी मरतात.