ईस्टबर्न, वेमथ की व्हिटबी? इंग्लंडच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करायचा

जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येतात, लंडन पाहून होतं आणि जेवताना कुणीतरी म्हणतं, "चार-पाच दिवस समुद्रावर जाऊ या का?" इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. मग फोनवर फोटो उघडतात: पांढरेशुभ्र कडे, समुद्रातली दगडी कमान, टेकडीवरचा पडका मठ. पण त्या कमानीपाशी उतरायला किती पायऱ्या आहेत, आणि उतरलेल्या माणसाने परत वर कसं यायचं, हे फोटो सांगत नाही.

ससेक्समधलं ईस्टबर्न, डॉर्सेटमधलं वेमथ आणि यॉर्कशरमधलं व्हिटबी, या तिन्ही गावी मी घरच्यांना घेऊन राहिले आहे. तुलना करताना कसोटी एकच लावते. एका गावी बिऱ्हाड टाकून, गाडी न घेता, रोज सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं का? आणि बरोबरच्या सगळ्यात थकलेल्या माणसाला ते झेपतं का?

पोचायला किती वेळ

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून ईस्टबर्नला थेट रेल्वे आहे, साधारण दीड तास. वॉटर्लूहून वेमथलाही थेट, पण पावणेतीन ते तीन तास. व्हिटबीला लंडनहून थेट गाडीच नाही. किंग्ज क्रॉसहून दोन तासांत यॉर्क गाठायचं आणि तिथून कोस्टलायनर बस पकडायची. ती मूर्सच्या मोकळ्या माळरानावरून जाते, दृश्य अप्रतिम, पण दोन तासांहून जास्त बसायची तयारी हवी. दुसरा रस्ता मिडल्सब्रोहून एस्क नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या छोट्या रेल्वेचा. तिला दीड तास लागतो, दिवसातून फेऱ्या मोजक्याच, आणि एक चुकली की पुढचे काही तास फलाटावरच.

म्हणून हिशेब सरळ आहे. तीनच रात्री असतील तर व्हिटबीचा विचार करू नका, जाण्यायेण्यातच जीव दमेल. पाच रात्री असतील तर जरूर करा.

गावातून रोजच्या फेऱ्यांसाठी तिन्हीकडे बस चांगल्या आहेत. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडातल्या बहुतेक स्थानिक बसचं एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलेलं आहे, चाळीस किलोमीटर गेलात तरी तेवढंच. ही सवलत सरकार मुदतीमुदतीने वाढवत आलं आहे, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या.

वाळू, गोटे आणि पाणी

लहान मुलं असतील तर हा भाग आधी वाचा. ईस्टबर्नचा किनारा गोट्यांचा आहे. ओहोटीला खाली थोडी वाळू उघडी पडते, एरवी अनवाणी चालणं म्हणजे पायाला शिक्षा. वेमथला मात्र बारीक, सोनेरी वाळू आणि कितीतरी आत गेलं तरी गुडघाभर पाणी. राजा तिसरा जॉर्ज १७८९ मध्ये तब्येतीसाठी इथे समुद्रस्नानाला आला, आणि तेव्हापासून हे गाव सुट्टीचं गाव झालं. त्याचा रंगवलेला पुतळा आजही किनाऱ्यावर उभा आहे. व्हिटबीलाही वेस्ट क्लिफखालून थेट सँड्सएंडपर्यंत चार-साडेचार किलोमीटर वाळू आहे. फिरायला ती तिन्हींत सर्वांत सुंदर, पण पाण्यात शिरायचं म्हटलं तर उत्तर समुद्र ऑगस्टमध्येही चौदा-पंधरा अंशांच्या वर फारसा जात नाही. वेमथला तेव्हा सतरा-अठरा असतात. गणपतीपुळ्याच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला दोन्ही गारच, पण वेमथला मुलं तासभर खेळतात आणि व्हिटबीला पाच मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतात.

भरती-ओहोटीतला फरकही पाहा. वेमथला उधाणाच्या दिवशीसुद्धा पाणी दोनेक मीटरच चढतं-उतरतं. व्हिटबीला पाच मीटरपर्यंत, ईस्टबर्नला त्याहूनही जास्त. कोकणातला माणूस उधाण आणि भांग बघूनच किनाऱ्यावर उतरतो. इथे तर कड्याखालून चालताना पाणी मागून कधी वाट अडवतं ते कळत नाही. व्हिटबीहून रॉबिन हूड्स बेला किंवा ईस्टबर्नजवळच्या बर्लिंग गॅपच्या कड्यांखालून चालायचा मोह झाला तर त्या दिवसाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच. कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचं.

ईस्टबर्न: गुडघ्यांसाठी आणि इतिहासासाठी

ईस्टबर्नचा समुद्राकाठचा रस्ता लांबलचक, सपाट आणि बाकांनी भरलेला आहे. समुद्रासमोर दुकानं नाहीत, फक्त हॉटेलं, बागा, बँडस्टँड आणि १८७० मध्ये खुला झालेला पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला फिरायचा धक्का. आईला सकाळी एकटीला फिरायला सोडता येईल असं या तिन्हींतलं हे एकच गाव.

गावाला लागूनच बीची हेड आहे, १६२ मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा सागरी कडा. पुढे सेव्हन सिस्टर्सची पांढरी रांग. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी एक बस थेट वर बीची हेडला आणि बर्लिंग गॅपला जाते, म्हणजे चढ न चढता कडा बघता येतो. खडू मऊ असतो, कडा सतत ढासळतो. बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं सतरा मीटर मागे सरकवावं लागलं, यावरून काय ते समजा. फोटोसाठी काठावर बसणारे लोक दिसतील, त्यांच्या पायांखाली बहुतेक वेळा पोकळी असते. आपली माणसं काठापासून चांगली दूर ठेवा.

ईस्टबर्नची बाजू माझ्या लेखी सगळ्यात जड होते ती ब्रायटनमुळे. रेल्वेने पाऊण तासाच्या आत ब्रायटन. तिथला रॉयल पॅव्हेलियन बाहेरून घुमट-मिनारांचा, हिंदुस्थानी घाटाचा दिसतो. चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२२ या काळात त्याला हे रूप दिलं. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६, याच राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. सोवळं-ओवळं आणि धर्म सांभाळायला नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे वेगळे नळ. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत त्यांतल्या त्रेपन्न जणांना पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला गेला, आणि त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराचं स्मारक उभं राहिलं. त्याचं नावच छत्री. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या माणसाला ते का बांधलं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिथे गाडीरस्ता नाही, गवताळ चढावरून चालत जावं लागतं, त्यामुळे आई खालीच थांबली. बाबा वर गेले आणि बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची ही एक जागा मी कुणालाही चुकवू देणार नाही.

उरलेल्या दिवशी रेल्वेने हेस्टिंग्ज. अर्ध्या तासाचं अंतर, गोट्यांवर थेट ओढून ठेवलेले मच्छीमारांचे पडाव आणि कड्यावर नेणारी छोटी रेल्वे.

वेमथ: मुलांसाठी, आणि दगडांच्या वेड्यांसाठी

इथे दिवसाच्या सहली एकाहून एक आहेत, पण अंतरं आणि चढ आधी लक्षात घ्या. हा सगळा पट्टा म्हणजे जुरासिक कोस्ट, २००१ पासून जागतिक वारसा. ९५ मैलांत साडेअठरा कोटी वर्षांचे थर उघडे पडले आहेत. लाइम रीजिसला मेरी अ‍ॅनिंग १७९९ मध्ये जन्मली. सुताराची ही मुलगी कड्यांतून जीवाश्म काढून विकायची, आणि तिने शोधलेल्या सागरी सरड्यांच्या सांगाड्यांनी शास्त्रज्ञांना नवं जग दाखवलं. शेजारच्या चारमथच्या किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म आजही मुलांच्या हाती लागतात. पाणी ओसरत असताना जायचं, कड्याला हातोडा लावायचा नाही. फक्त वेमथहून लाइमला बसने दीड-दोन तास लागतात, तेव्हा तो अख्खा दिवस धरा.

चेझिल बीच मात्र हाकेच्या अंतरावर. अठरा मैल लांब गोट्यांचा बांध, पश्चिमेला वाटाण्याएवढे खडे आणि पोर्टलंड बेटाकडे येता येता बटाट्याएवढे. रात्री किनाऱ्याला लागलेले कोळी गोटा हातात घेऊन आपण कुठे आलो ते ओळखत, असं सांगतात. गोटे घरी न्यायला बंदी आहे आणि तिथे पोहायचं नाही: तळ एकदम खोल जातो, लाट मागे ओढते. पोर्टलंडच्या टोकाला लाल-पांढरं दीपगृह आहे. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ज्या दगडात बांधलं तो याच बेटाचा.

आणि ती फोटोतली कमान, डर्डल डोअर. वाहनतळापासून उतार, मग शंभराहून जास्त पायऱ्या, आणि परत तेवढंच चढायचं. दहा वर्षांच्या मुलांना मजा, सत्तरीच्या माणसाला नाही. वडीलधाऱ्यांना लुलवर्थ कोव्हला बसवा, ती गोल खाडी रस्त्याच्या पातळीवरूनच दिसते.

व्हिटबी: ज्यांना चालवतं त्यांच्यासाठी

व्हिटबी मला तिन्हींत जास्त आवडतं, आणि तरीही आईला मी तिथे पुन्हा नेणार नाही. गाव एस्क नदीच्या दोन्ही काठांवर चढत गेलं आहे. पूर्वेच्या जुन्या गल्लीतून १९९ पायऱ्या चढलं की सेंट मेरी चर्च आणि मागे मठाचे भग्न खांब. ६५७ मध्ये हिल्डा नावाच्या साध्वीने तो मठ स्थापला. ६६४ मध्ये इथेच ईस्टरची तिथी कोणत्या पद्धतीने काढायची याचा निवाडा झाला. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांतली तफावत ठाऊक असलेल्या बाबांना ही गोष्ट फार भावली.

हिल्डाने सापांचे दगड केले अशी इथली आख्यायिका, कारण कड्यांतून वेटोळ्या आकाराचे जीवाश्म निघतात. दुकानात एक हातात घेतला आणि आई म्हणाली, "अगं, हा तर शाळिग्राम!" ती बरोबर होती. गंडकीतला शाळिग्राम आणि व्हिटबीचा सर्पदगड, दोन्ही अ‍ॅमोनाइटच, म्हणजे नामशेष झालेल्या सागरी प्राण्याचे जीवाश्म.

इथल्या सहलींना तोड नाही. वाफेच्या इंजिनाची गाडी मूर्समधून पिकरिंगपर्यंत जाते, वाटेत गोथलंडला उतरून चालायचं. बसने रॉबिन हूड्स बे, स्टेद्स, आणि तासाभरावर स्कारबरो. स्कारबरोला कड्यावरून वर-खाली नेणाऱ्या छोट्या रेल्वे आहेत, त्यामुळे चालणं कठीण असलेल्यांनी यॉर्कशरच हवं म्हटलं तर मुक्काम स्कारबरोला करावा. यॉर्कहून तिथे थेट रेल्वे येते, तासाच्या आत.

मे-जूनमध्ये एक अडचण येते. थंड समुद्रावरून धुकं येतं, स्थानिक लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. आत पाच मैलांवर लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर हातभर अंतरावरचं दिसत नाही. अशा दिवशी वाफेच्या गाडीचं तिकीट हाताशी असलं की दिवस वाया जात नाही.

खाण्याचं

हे आपल्या घरांत नीट सांगायला हवं. यॉर्कशरमध्ये बऱ्याच दुकानांत फिश अँड चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि बटाट्याचे चिप्ससुद्धा त्याच कढईत. शाकाहारी माणसाने "नुसते चिप्स" मागितले म्हणून भागत नाही. "कशात तळता?" हे काउंटरवर विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दक्षिणेला बहुधा वनस्पती तेल असतं, तरी विचारा. मासे खाणाऱ्यांनी व्हिटबीत धुरी दिलेला हेरिंग, किपर, घ्यावा. सुक्या बांगड्यावर वाढलेल्या जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो. शाकाहारी बाहेर जेवायला ब्रायटन सर्वांत सोयीचं. बाकी गावांत स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि छोटा कुकर बरोबर न्या.

मग कुठे?

आई-बाबा पहिल्यांदा आले आहेत आणि हाताशी तीन-चार रात्री: ईस्टबर्न, दुसरा विचार नको. दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं: वेमथ, तेही जुलै अखेर शाळा सुटण्याआधी जमलं तर उत्तम, कारण त्यानंतर दरही चढतात आणि वाळूवर जागाही मिळत नाही. तुम्ही दोघंच आहात, चालण्याची हौस आहे: सप्टेंबरात पाच रात्री व्हिटबी. समुद्र तेव्हा वर्षातला सर्वांत ऊबदार असतो आणि धुकंही कमी.

खोली ठरवताना दोन गोष्टी फोन करूनच विचारा. एक, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का. किनाऱ्यावरच्या जुन्या देखण्या घरांत समुद्र दिसणारी खोली पुष्कळदा चौथ्या मजल्यावर असते आणि वर जायला अरुंद जिना. आम्ही एकदा न विचारता गेलो आणि आईला चार दिवस दुपारची विश्रांती खालच्या दिवाणखान्यात, खुर्चीत बसून घ्यावी लागली. दुसरं, भाड्याची घरं ऐन हंगामात बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशी आठवडाभरासाठीच मिळतात, पण तारीख जवळ येऊनही रिकामी राहिलेली घरं मालक तीन-चार रात्रींसाठी देतात. जायच्या दोन आठवडे आधी पुन्हा एकदा विचारा.