आकडा 63 वर थांबायला हवा होता : स्पीकर प्रोसेसरचा सतरा महिन्यांचा अनुभव

मिक्सर आणि ॲम्प यांच्यामध्ये बसून आवाज बेस आणि टॉपला वाटून देणाऱ्या, दोन इनपुट आणि सहा आउटपुटच्या या डिजिटल प्रोसेसरबद्दल मी मे महिन्यात लिहिले असते, तर ‘लिमिटर निरुपयोगी, पैसे वाया’ एवढेच लिहिले असते. लिमिटर म्हणजे सिग्नल ठरवलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी त्यातली सोय. आज ऑगस्टमध्ये माझे मत बदलले आहे, मात्र राग पूर्ण गेलेला नाही.

माझा सेट लहान आहे. चार अठरा इंची बेस (खालच्या सुरांचे स्पीकर), दोन टॉप (वरच्या सुरांचे), तीन ॲम्प. आणि कामे म्हणजे लग्ने, स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला, गणपती. आधी हे वाटपाचे काम करणाऱ्या जुन्या ॲनालॉग क्रॉसओव्हरवर दर हंगामात एक-दोन कॉइल (स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, हलवणारी तारेची गुंडाळी) जळायच्याच आणि तो खर्च आम्ही गृहीतच धरत असू. गेल्या वर्षी मार्चमध्ये हा प्रोसेसर लावल्यापासून चौदा महिन्यांत एकही कॉइल गेली नाही. याचे बरेच श्रेय त्यातल्या हाय-पास फिल्टरला, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचे सूर अडवणाऱ्या सोयीला आहे. माझ्या पेट्या 40 हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेल्या आहेत; त्याखाली पोर्टमधील हवा कोनला आवरत नाही, त्यामुळे आवाज फारसा येत नाही आणि कोन मात्र नुसता आत-बाहेर आपटतो. 35 हर्ट्झला 24 डेसिबलचा उतार लावल्यावर, माइक स्टँडला धक्का बसला तरी कोन जागेवरून फारसा हलत नाही, हे मी जाळीतून टॉर्च मारून पाहिलेले आहे.

लिमिटरचा हिशेब मी स्वतः केला होता. स्पीकर 500 वॉट, 8 ओहम. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार 4000, त्याचे वर्गमूळ सुमारे 63 व्होल्ट. माझ्या ॲम्पचा गेन 26 डेसिबल, म्हणजे आलेले व्होल्टेज तो वीस पट करतो. तेव्हा ॲम्पच्या इनपुटला 3.16 व्होल्ट, म्हणजे सुमारे 12 डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचे डेसिबलमधले माप), यापुढे सरासरी सिग्नल जाता कामा नये. एका चॅनेलवर दोन बेस समांतर जोडले तरी प्रत्येकाला व्होल्टेज तेवढेच मिळते, म्हणून हा आकडा बदलत नाही. ॲम्प 1000 वॉटचा आहे आणि तो मुद्दाम मोठा घेतला आहे, कारण ठेक्याची शिखरे सरासरीपेक्षा 6 डेसिबल वर जातात आणि ती ॲम्पने न कापता द्यायला हवीत.

मे महिन्यात एका लग्नाच्या दुपारी बेसचा ॲम्प बंद पडला. ओळखीच्या एका साउंडवाल्याकडून तितक्याच वॉटचा ॲम्प आणून रॅकमध्ये लावला, नॉब पूर्ण उघडले आणि काम सुरू केले. आवाज जास्त येतो आहे हे जाणवले होते, पण वरातीच्या गडबडीत कोणी तक्रार केली नाही. पाऊण तासाने जळक्या व्हार्निशचा वास आला. दोन बेसच्या कॉइल काळ्या पडल्या होत्या, आणि त्या पूर्ण वेळात प्रोसेसरवरचा लिमिटचा दिवा एकदाही लागला नव्हता.

प्रोसेसर मी सर्व्हिस सेंटरला नेला. तीन आठवड्यांनी ‘तपासले, दोष नाही’ असा एका ओळीचा शेरा आणि तपासणीचे बिल मिळाले. मी चार वेळा फोन केला, भांडलोही. परंतु त्या दिवशी ॲम्प कोणता होता, हा एक प्रश्न मला कोणीही विचारला नाही.

जूनच्या अखेरीस तोच ॲम्प पुन्हा आणून मी मोजमाप केले. स्पीकर काढून ठेवले, प्रोसेसरला 60 हर्ट्झचा स्थिर सूर दिला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावला आणि मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकती पट्टी) हळूहळू वर नेला. आकडा 63 वर थांबायला हवा होता. तो 85 च्याही पुढे गेला, ॲम्पचा क्लिपचा (शिखरे कापली जात असल्याचा) दिवा लागला, तरी लिमिटर शांतच होता. तेव्हा मी ॲम्पची मागची बाजू पाहिली. तिथे एक छोटी सरकती कळ 32 डेसिबलवर होती. सहा डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट व्होल्टेज. प्रोसेसरने अडवायच्या आधीच ॲम्प त्याच्या शेवटच्या ताकदीला पोहोचत होता. कळ 26 वर सरकवली आणि पुन्हा फेडर वर नेला, तेव्हा आकडा क्षणभर पुढे जाऊन 63 वर येऊन स्थिरावला.

म्हणजे प्रोसेसर खरोखरच निर्दोष होता. तरीही माझी तक्रार कायम आहे. या यंत्रात लिमिट फक्त डीबीयूमध्ये भरता येते. पुढे ॲम्पचा गेन किती, हे ते विचारत नाही. स्पीकरचे वॉट, ओहम आणि ॲम्पचा गेन अशा तीन जागा स्क्रीनवर दिल्या असत्या, तर ॲम्प बदलताना गेनची जागा समोर दिसली असती आणि मागची कळ पाहायची आठवण झाली असती. ज्या ॲम्पमध्येच डीएसपी (असाच डिजिटल प्रोसेसर) असतो, त्यात लिमिट थेट आउटपुटच्या व्होल्टमध्ये ठरवता येते. हे यंत्र घेतले तेव्हा तसा ॲम्प महाग वाटला होता. दोन कॉइल, तपासणीचे बिल आणि मे-जूनमधली सोडलेली तीन कामे धरली, तर तो फरक बराच कमी होतो.

नॉबबद्दलही लिहायला हवे. नॉब निम्म्यावर ठेवला की ॲम्प निम्म्या ताकदीने चालतो, हा आमच्या धंद्यातला जुना गैरसमज आहे. नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. मिक्सरवरून तेवढाच वाढवला की ॲम्प पुन्हा पूर्ण ताकद देतो. म्हणून मी नॉब पूर्ण उघडे ठेवूनच मोजतो आणि तसेच ठेवतो.

शेवटच्या तासाला बेस बसल्यासारखा वाटतो, तेव्हा फेडर वर ढकलायची माझी सवयही आता सुटली आहे. कॉइल 200 अंशांनी तापली की तांब्याचा रोध पावणेदोन पटींहून जास्त होतो आणि त्याच व्होल्टेजला सुमारे अडीच डेसिबल पॉवर कमी पडते. त्या वेळी अधिक रेटणे म्हणजे तापलेल्या कॉइलला आणखी तापवणे. म्हणून मी बेसचे आरएमएस (सरासरी) लिमिट हिशेबापेक्षा 2 डेसिबल खाली आणले आहे. मंडळाच्या मुलांना आवाज थोडा कमी वाटतो, पण मी त्यांचे ऐकत नाही.

गणपतीच्या कामांसाठी काल तिन्ही ॲम्प मोजले. बेसच्या दोन्ही ॲम्पवर आकडा 50 वर थांबला. मागच्या कळा 26 वर ठेवून त्यांवर पांढरी टेप लावली आहे, आणि बाहेरून आणलेला ॲम्प मीटर लावल्याशिवाय रॅकमध्ये चढवायचा नाही, असे दोन्ही मुलांना सांगितले आहे.