बेटी लव्हेटची 'द सीन ऑफ द क्राइम' : सात महिने ऐकल्यावर

अमेरिकन सोल गायिका बेटी लव्हेटची ही सीडी माझ्याकडे फेब्रुवारीत आली. आता सप्टेंबर चालू आहे आणि मधल्या काळात ती पन्नास-साठ वेळा तरी वाजली असेल, म्हणून आता लिहायला बसले. आल्या आल्या लिहिलं असतं तर पाचातले दोन स्टार देऊन मोकळी झाले असते. एक तर डबीचं झाकण तडकलेलं आलं, आणि विक्रेत्याने त्यावर तीन ईमेलनंतर फक्त दिलगिरी पाठवली. दुसरं म्हणजे आवाज. सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते जीव ओतून गायलेलं गाणं, म्हटलं की माझ्या कानात अरेथा फ्रँकलिन या गायिकेचा आवाज. इथे मात्र घसा खरवडून निघालेला, शब्द मध्येच तोडणारा, वरच्या सुराला पोचायच्या आधीच चिरकणारा आवाज. सासूबाई दोन गाणी ऐकून म्हणाल्या, "ही बाई कुणाशी भांडतेय गं?"

सीडीचं नाव असं का, हे कळल्यावर ऐकणं बदललं. बेटी लव्हेटचा जन्म १९४६ चा, मिशिगनमधल्या मस्कीगनचा, वाढली डेट्रॉइटमध्ये. १९६२ मध्ये, सोळाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड आली आणि ती अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली. सुरुवात इतकी चांगली झालेली. १९७२ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तिला अलाबामातल्या मसल शोल्स गावी पाठवलं आणि तिथे एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. मग कंपनीने तो कपाटात टाकला, कारण धड कुणी सांगितलंच नाही. अल्बम निघणार नाही असा फोन आल्यावर आपण वाइनची बाटली घेऊन जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलो, असं तिनेच नंतर सांगितलंय. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

पस्तीस वर्षांनी, २००७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी ती त्याच गावी परतली, या वेळी फेम स्टुडिओत, आणि ही सीडी केली. म्हणून 'गुन्ह्याची जागा'. साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा रॉक बँड. त्यातल्या पॅटरसन हूडचे वडील डेव्हिड हूड म्हणजे मसल शोल्सच्या जुन्या रिदम सेक्शनचे (गायकांना साथ करणाऱ्या वादकसंचाचे) बेसवादक. तेही यात वाजवतात. कीबोर्डवर स्पूनर ओल्डम. म्हणजे गाव तेच आणि खोलीत त्या काळची माणसंसुद्धा.

मधली वर्षं तिने काय केलं, याचं उत्तर मला या आवाजात सापडत गेलं. छोटे क्लब, 'बबलिंग ब्राउन शुगर' या ब्रॉडवे संगीतिकेचा दौरा, १९७८ मध्ये एक डिस्को गाणं, आणि स्वतःचा पहिला अल्बम हातात पडला तो थेट १९८२ मध्ये, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीकडून. जिम लुईस नावाच्या मॅनेजरने तिच्याकडून जुनी स्टँडर्ड गाणी घोटून घेतली होती. त्यावर पोट भरलं. १९७२ चा तो अल्बम जील पेतार या फ्रेंच संग्राहकाने हुडकून २००० मध्ये बाहेर काढला आणि मग चक्र फिरलं. २००४ मध्ये तिच्या 'अ वूमन लाइक मी'ला 'पुनरागमनाचा अल्बम' म्हणून ब्लूज या सोलच्या जवळच्या संगीतप्रकारातला हँडी पुरस्कार मिळाला. पुनरागमन कुठून, हा प्रश्न मला राहून राहून पडतो. बाई स्टेजवरून उतरलीच कधी होती?

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. स्वयंपाक करताना लावू नका. माझी फोडणी दोनदा करपली, दोन्ही वेळा आठव्या गाण्याला. 'टॉकिंग ओल्ड सोल्जर्स' हे मुळात एल्टन जॉनचं, १९७० चं. बारमध्ये बसलेला एक म्हातारा सैनिक तरुण माणसाशी बोलतो, एवढंच त्यात आहे. लव्हेट ते जवळजवळ नुसत्या पियानोवर गाते. गाते कसलं, बोलतेच. एक ओळ म्हणून इतकी थांबते की पहिल्यांदा मला सीडी अडकली असं वाटलं. मग पुढचा शब्द येतो तो मागच्याहून बारीक, जणू सांगावं की नको हे अजून ठरत नाहीये. मूळ गाणं मी नंतर ऐकलं. छान आहे, पण ते एका तरुण मुलाने म्हाताऱ्याबद्दल रचलेलं आहे, हे लगेच कळतं. बंदिश दुसऱ्याची आणि गाणं हिचं, असा प्रकार. याच सीडीतल्या, कंट्री गायक जॉर्ज जोन्सच्या 'चॉइसेस'चंही तसंच.

'बिफोर द मनी केम' तेवढं तिचं स्वतःचं. पॅटरसन हूडबरोबर गीतकार म्हणून तिचंही नाव आहे. पैसा यायच्या आधीचे दिवस ती त्यात जवळजवळ फुशारकीने मोजून दाखवते. सकाळी कामाला निघताना हेच लावते मी.

खोट काढायची तर सहावं गाणं, 'दे कॉल इट लव्ह', माझ्या अजूनही डोक्यात बसलेलं नाही. दोन-तीन ठिकाणी गिटार आवाजावर चढते, स्वस्त स्पीकरवर तर फारच; हेडफोन लावल्यावर बरं वाटतं. दहाच गाणी आहेत, पण सलग ऐकली की दमायला होतं.

सोल किंवा ब्लूज कधीच न ऐकलेल्यांनी हिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत. त्याआधी कलावंतांना गौरवणाऱ्या अमेरिकेतल्या केनेडी सेंटर सन्मान सोहळ्यातलं, २००८ चं, तिचं 'लव्ह, रेन ओअर मी' बघा. गाणं 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचं आणि समोर सन्मानमूर्ती म्हणून त्याच बँडचे पीट टाउनशेंड आणि रॉजर डाल्ट्री बसलेले. त्या दोघांचे चेहरे बघितलेत की पुढे ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

सासूबाई आता पाचव्या गाण्याला टीव्हीचा आवाज कमी करतात. शब्द त्यांना कळत नाहीत, मीही समजावून सांगितलेले नाहीत.

स्टार साडेचार. अर्धा त्या सहाव्या गाण्याचा कापला. माझ्या प्रतीवर आता आठव्या गाण्याच्या जागी चरा पडलाय आणि ती खरोखरच अडकते, त्यामुळे ऐनवेळी बाई थांबलीय की सीडी, हेच कळत नाही. दुसरी प्रत मागवली आहे, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून.