इंदूरात फिरून, ऐकून घेतलेले कंप्युटरचे स्पीकर: गाणं पण आणि गेम पण

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. बजेट ८ ते १० हजार असेल तर एडिफायर आर१२८०टी घ्या, २ हजारांच्या आसपास असेल तर क्रिएटिव्ह पेबल घ्या, आणि या दोघांच्या मधे जे ढीगभर २.१ सेट मिळतात, खाली धम्म धम्म करणारा डबा आणि वर दोन चिमुकले स्पीकर, ते टेबलाशी बसून ऐकणाऱ्याने शक्यतो घेऊच नयेत. यावर भांडायला पुष्कळ जण येणार हे माहितीये, कारण आपल्या इंदूरात बेस नाही तर स्पीकरच नाही असं धरून चालतात लोक. या, भांडू.

आमची गरज अशी की कंप्युटर एक आणि वापरणारे दोन. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी, आणि भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो त्याचे व्हॅलोरंट आणि जीटीए हे गेम. रामबागेतलं जुनं घर, खोली लहान, टेबल भिंतीला टेकलेलं, आणि खालच्या मजल्यावर काकू राहतात ज्यांची दुपारची झोप ही पूर्ण वाड्याची जबाबदारी आहे. म्हणजे हॉल दणाणून सोडणारं काही नको होतं, कानापासून हातभर अंतरावर नीट वाजेल असं हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दुकानात कोणी सांगत नाही.

दुकानांचं म्हणाल तर कंप्युटरच्या सामानाला आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल आणि बाकी इलेक्ट्रॉनिक्सला जेल रोड, हे इंदूरकरांना सांगायला नको. दोन्हीकडे डेमो देतात, पण डेमो म्हणजे काय तर दुकानदार स्वतःच्या मोबाइलवरून एक डीजेवालं गाणं लावतो, आवाज पूर्ण, बेसचा नॉब पूर्ण, आणि वर "भिया, ये सुनो, सीना हिल जाएगा". सीना खरंच हिलतो. पण त्यात गायिका काय म्हणते ते कळलं का, तर नाही. म्हणून स्वतःचं ऐकणं मोबाइलमध्ये डाउनलोड करून घेऊन जा आणि ऑक्सची वायर (मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून स्पीकरला जोडायची) पण खिशात ठेवा, दुकानात ब्लूटूथवर ऐकू नका. मी घेऊन गेलो होतो अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल (इंदूरात वाढलेला माणूस, इंदूरचे स्पीकर त्याच्यावरच तपासायचे), एक तबला सोलो, आणि एका मराठी नाटकाचं रेकॉर्डिंग. हे शेवटचं ऐकून दुकानातला पोरगा हसला, पण माणसाच्या बोलण्याएवढी कडक परीक्षा दुसरी नाही. बोलणारा माणूस रोज आपल्या कानांवर असतो, त्यामुळे आवाज नाकातून येतोय की मडक्यातून येतोय हे दोन वाक्यांत समजतं. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांना नेमाने जाणाऱ्यांना तर एका वाक्यात समजेल.

आता वॉटबद्दल. डब्यावर पीएमपीओ (क्षणभराची म्हणून सांगितलेली कमाल ताकद) लिहिलं असेल तर तो आकडा वाचायचाच नाही. पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, कंपनी काय वाट्टेल ते छापू शकते, म्हणून टेबलावरच्या खेळण्यासारख्या सेटवर पण हजारांत वॉट दिसतात. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत किती ताकद देऊ शकतो ते. आणि त्यातही दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज असं नसतं. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट ताकद लागते. टेबलाशी बसलेल्याला रोजच्या ऐकण्यात एखाद दोन वॉटसुद्धा पुष्कळ होतात. भाच्याला हे पटत नव्हतं, "मामा, ४२ वॉट में क्या होगा, वो देखो ८० वाला है", पण घरी वाजवल्यावर नॉब अर्ध्याच्या पुढे नेण्याची त्याची पण हिंमत झाली नाही. काकू.

तर २.१ का नको ते सांगतो, कारण खरा मुद्दा इथेच आहे. स्वस्त २.१ मध्ये वरचे दोन स्पीकर असतात दोन-अडीच इंचांचे, त्यांना खालचे सूर झेपत नाहीत, मग २०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप, आकडा जितका कमी तितका सूर खालचा) आसपासपर्यंतचं सगळं काम सबवूफरच्या डब्याला करावं लागतं. सबवूफरची मूळ कल्पना अशी की साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, म्हणून तो डबा कुठेही ठेवला तरी चालतो. पण तो २०० पर्यंत गायला लागला की बरोबर कळतं. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग नेमका इथेच असतो. परिणाम काय, तर गायकाचं तोंड टेबलावर आणि छाती तुमच्या पायांपाशी. डीजे गाण्यात हे लक्षात येत नाही, ख्यालात पहिल्या मिनिटाला येतं. शिवाय लाकडी पेटीचा एकच एक घुमणारा सूर असतो, तबल्याचा बायाँ (डग्गा) असो, बेस गिटार असो की गेममधला बॉम्ब असो, सगळ्याला तो एकच धम्म. आणि शेजाऱ्यांचं बघाल तर ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, ती भिंतीला जुमानत नाही, तुम्हाला वरती गाणं ऐकू येतं आणि खाली काकूंना फक्त ठोके. चांगले २.१ असतात, नाही असं नाही, पण ते या बजेटमध्ये नाहीत.

एडिफायर आर१२८०टी म्हणजे साधा २.० सेट, दोनच पेट्या, एमडीएफच्या (दाबून बनवलेल्या लाकडाच्या), प्रत्येकीत खालच्या सुरांसाठी ४ इंचांचा वूफर आणि वरच्या सुरांसाठी १३ मिलिमीटरचा रेशमी डोम ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस. कंपनी मूळची चीनची, १९९६ ची. दिसायला जुन्या टेपरेकॉर्डरच्या जमान्यातले वाटतात, मला आवडले, भाच्याला लाइट नाही म्हणून नाही आवडले. उंची साधारण २३ सेंटीमीटर, त्यामुळे टेबल लहान असेल तर आधी फूटपट्टीने मोजून घ्या, दोघांचं मिळून वजन पण पाच किलोच्या जवळ जातं. आवाजाचं काय सांगू, खाँसाहेबांचा मंद्र सप्तकातला आलाप लावला आणि पहिल्यांदा तंबोरा मागे वेगळा आणि गळा पुढे वेगळा असं ऐकू आलं. झुमरा तालाच्या त्या संथ ठेक्यात दोन मात्रांच्या मधे जी शांतता असते ना, तिच्यात तंबोरा भरलेला ऐकू यायला पाहिजे, या स्पीकरवर तो येतो.

थोडं गणित करतो, ज्याला नको त्याने पुढच्या परिच्छेदावर जा. समजा गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गातोय, त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४ च्या जवळ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ च्या. आर१२८०टी कागदावर ७५ हर्ट्झपासून वाजतो, म्हणजे गळा पूर्ण मिळतो, खर्ज जेमतेम सुटतो. पेबल १०० पासून सुरू होतो, म्हणजे मंद्र पंचमालाच दम लागायला लागतो. तरी खर्ज अगदीच गायब वाटत नाही कारण तारेच्या मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट वगैरे वरचे सूर पण वाजत असतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणूनच मोबाइलवरसुद्धा पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. पण भरून काढलेला आणि खरोखर वाजलेला यांत फरक असतो, आणि पैसे त्या फरकाचे आहेत.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. आवाज, बेस, ट्रेबलचे नॉब उजव्या पेटीच्या बाजूला दिलेत, समोर नाहीत, त्यामुळे ती पेटी कपाटाला चिकटवून ठेवली की बोटं जात नाहीत. रिमोट मिळतो म्हणून निभतं. चालू-बंदचं बटण मागे, ते तर कोणाला सुचलं देव जाणे, सरळ स्विचबोर्डवरूनच बंद करायचं. ब्लूटूथ नाही, पाहिजे असेल तर याचाच आर१२८०डीबी येतो ज्याला ऑप्टिकल (टीव्हीतून डिजिटल आवाज घेणारा) जॅक पण आहे, पैसे जास्त. आणि थोडं अजून ताणायची तयारी असेल आणि नॉब, हेडफोनचा जॅक समोर पाहिजे असेल तर त्याच कंपनीचा एमआर४ पण ऐकून बघा, तो जास्त सरळ, मोकळा वाजतो, थोडा कोरडा. गाणं एडिट करणाऱ्याला आवडेल, मला आर१२८०टीचा किंचित उबदार आवाजच बरा वाटला.

गेमचं आता. व्हॅलोरंटमध्ये पाऊल कुठून वाजलं हे कळायला बेस लागत नाही, ती माहिती मधल्या आणि वरच्या सुरांत असते, उलट बेस फार झाला की पावलं त्याखाली दबतात. भाच्याने बेसचा नॉब मधोमध आणला आणि डावं-उजवं त्याला आधीच्या सेटपेक्षा चांगलं कळायला लागलं, हे त्याने स्वतः कबूल केलं, लाइट नसूनही. पुढे-मागे मात्र दोन स्पीकरवर कळत नाही, ते कुणी कितीही ७.१ (चहूबाजूंचा आवाज) म्हणो. रँकवालं सीरियस खेळायचं तर हेडफोनच. आणि गेममध्ये हेडफोनसाठी एचआरटीएफ म्हणून, आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं सेटिंग असतं ते स्पीकरवर बंद ठेवा, नाहीतर आवाज विचित्र फाकतो. जीटीएत गाडी घेऊन भटकायला, रेडिओ ऐकत, हे स्पीकर म्हणजे मजा आहे एकदम. गेमिंग असं नाव लिहून रंगीत दिवे लावलेले सेट पण ऐकले आम्ही, त्यात पैसे दिव्यांना गेलेत एवढंच म्हणतो. ब्लूटूथवर गेम खेळू नका, आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचं आहे, म्हणजे गोळी लागून गेल्यावर ठो.

आता ज्यांना एवढे पैसे घालायचेच नाहीत त्यांचं. क्रिएटिव्ह पेबल, दोन गोल गोटे, २ इंचांचे ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे) ४५ अंशांत वर वळलेले म्हणजे आवाज टेबलाला आपटून न येता सरळ कानाकडे येतो. ही साधी युक्ती आहे आणि भारी काम करते. ही सिंगापूरची साउंड ब्लास्टरवाली कंपनी, नव्वदच्या दशकात ज्यांनी कंप्युटर घेतलाय त्यांना नाव आठवेल. पहिला पेबल ४.४ वॉट आरएमएस, व्ही२ ८ वॉटचा टाइप-सी वाला, व्ही३ मध्ये ब्लूटूथ आणि जरा मोठे ड्रायव्हर. बोलणं, बातम्या, जुनी गाणी, ऑनलाइन क्लास याला एकदम साफ. तबल्याचा बायाँ मात्र बिचारा लहान मुलाने वाजवल्यासारखा येतो. याहून खाली हजाराच्या आसपास लॉजिटेक झेड१२० आहे, १.२ वॉट, तो व्हिडिओ कॉलपुरता ठीक, गाण्यासाठी त्यात पैसे टाकण्यापेक्षा थांबा आणि पेबलपुरते जमवा.

यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरची एक गोम सांगून ठेवतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॉट, बस. त्यामुळे ८ वॉटवाला स्पीकर जुन्या कंप्युटरला लावून आवाज कमी येतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पेबल व्ही२ ला पूर्ण आवाजासाठी १० वॉट देणारं पोर्ट किंवा मोबाइलचा चार्जर लागतो आणि मग खालचं गेनचं (आवाजाची ताकद वाढवायचं) बटण वर करायचं. चार्जरवर चालवण्याचा आणखी एक फायदा असा की पॉवर आणि आवाज दोन्ही त्याच कंप्युटरमधून घेतले की कित्येकदा बारीक किर्रर्र ऐकू येतं, माउस हलवला की बदलतं, ते पॉवर वेगळीकडून दिली की बहुतेक वेळा जातं. तसंच वायर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये न लावता मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा, आवाज स्वच्छ येतो.

मांडणीला एक पैसा लागत नाही आणि तरी कोणी करत नाही. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीला आणा, टेबल बुटकं असेल तर खाली पुस्तकं ठेवा (आमच्याकडे जुने दिवाळी अंक आहेत), तोंड किंचित आत वळवा. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, भिंतीला चिकटवले की बेस फुगतो. आमचं टेबल भिंतीला असल्यामुळे तेवढी जागा नाही, म्हणून मी बेसचा नॉब मधल्या खुणेपासून थोडा मागे घेतलाय. आणि मॉनिटर मोठा असेल तर दोन पेट्यांच्या मधे सोबत आलेली वायर कमी पडू शकते, पण आर१२८०टीला मागे साधे स्प्रिंगवाले क्लिप आहेत, जेल रोडवरून मीटरवर मिळणारी कुठलीही साधी स्पीकरची वायर घ्या, टोकं सोला आणि लावा, फक्त लाल लालला आणि काळी काळीला जाईल एवढं बघा.